कानस लावलेले स्पार्क प्लग आणि त्यानंतरचे इरिडियम: मुंबईतील दीर्घ वापराचा अनुभव

नवे किंवा ‘सुधारलेले’ स्पार्क प्लग बसवले की इंजिनाची ताकद वाढते, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे, आणि याच समजापोटी चांगल्या प्लगवर कानस चालवली जाते, ठिणगी ज्या फटीतून उडते ती गॅप वाढवली जाते किंवा भलत्याच क्रमांकाचे प्लग बसवले जातात. माझी गाडी चार सिलिंडरची, बाराशे सीसीची, कंपनीनेच सीएनजी बसवून दिलेली हॅचबॅक असून ती मी जुनी घेतली. आधीच्या मालकाच्या काळात बसवलेले असे ‘सुधारलेले’ प्लग, त्यानंतर काही आठवडे साधे निकेलचे नवे प्लग आणि आता अनेक महिने इरिडियम या कठीण धातूचे टोक असलेले प्लग, असे तीन संच मला एकाच इंजिनात आणि मुलुंड ते फोर्ट या एकाच नेहमीच्या रस्त्यावर वापरायला मिळाले. म्हणूनच या तुलनेला काही किंमत आहे असे मला वाटते.

गाडी हाती आली तेव्हा पेट्रोलवर ती बऱ्यापैकी चालत होती. सीएनजीवर मात्र, विशेषतः एसी चालू ठेवून लालबागच्या उड्डाणपुलाचा चढ चौथ्या गिअरमध्ये घेताना, ती मिसिंग करत असे. एक बारीक हिसका, मग दुसरा, आणि ॲक्सिलरेटर जितका जास्त दाबावा तितकी ती जास्त अडखळत असे. पाय थोडा सैल केला किंवा गिअर खाली घेतला की सगळे पुन्हा सुरळीत. सायनच्या सिग्नलला आयडलिंगवर स्टिअरिंगमध्ये हलकी थरथर जाणवत असे, पण एवढी थरथर जुन्या गाडीत असतेच असे कोणीही म्हणेल. ज्यांना ज्यांना हे लक्षण सांगितले त्या जवळजवळ सर्वांनी सीएनजी किटवर बोट ठेवले: रेग्युलेटर बदला, फिल्टर बदला, इंजेक्टर साफ करा. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर बिघाड म्हणजे दोष गॅसच्या यंत्रणेत, हा तर्क वरवर पाहता बिनतोड वाटतो.

तो बिनतोड का नाही, हे ठिणगी कशी पडते ते पाहिल्यावर कळते. प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधील, म्हणजे धातूच्या टोकांमधील, वायू भेदून ठिणगी पडण्यासाठी लागणारे व्होल्टेज हे त्या वायूचा दाब आणि दोन टोकांमधील अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, हा नियम जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रिड्रिख पाशेन यांनी १८८९ साली मांडला. चढावर कमी आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण ठासून भरते, त्याचा दाब वाढतो आणि ठिणगीला लागणारे व्होल्टेजही वाढते. हवा आणि सीएनजीचे मिश्रण भेदायला पेट्रोलच्या मिश्रणापेक्षा अधिक व्होल्टेज लागते. त्यातच प्लगची गॅप झिजून किंवा कानशीने वाढलेली असेल तर प्लगला उच्च व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलची कुवत त्या चढावरच संपते आणि त्या फेरीची ठिणगी पडतच नाही. म्हणजे दोष प्लगचा, पण तो बोलून दाखवतो गॅस. ‘पेट्रोलवर ठीक, गॅसवर मिसिंग’ हे लक्षण दिसले तर किटला हात लावण्याआधी प्लग काढून पाहावेत, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

कुर्ल्याच्या मेकॅनिकनेही नेमके तेच केले. “साहेब, किट नंतर बघू, आधी प्लग काढू,” एवढेच तो म्हणाला. स्कॅनर लावल्यावर पी ०३०३ हा कोड आला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, मिश्रण न पेटणे. त्याने आधी तिसरी कॉइल पहिल्यावर आणि पहिली तिसऱ्यावर लावून चढावर फेरी मारली. कोड तिसऱ्यावरच राहिला. मग कॉइल जागच्या जागी ठेवून त्या दोन सिलिंडरांचे प्लग आपसात बदलले, तेव्हा कोड पी ०३०१ झाला. दोष प्लगबरोबर सरकला, म्हणजे दोषी प्लगच. या तपासणीला एक पैशाचा सुटा भाग लागत नाही, आणि तरीही ती न करताच कॉइलचा पूर्ण संच बदलून देणारी गॅरेजे या शहरात पुष्कळ आहेत, याची खंत वाटते.

चारही प्लग कागदावर ओळीने ठेवले तेव्हा त्यांची खरी अवस्था दिसली. वरून वाकून मधल्या इलेक्ट्रोडवर छप्परासारखा येणारा जो बाहेरचा इलेक्ट्रोड असतो, तो चारही प्लगमध्ये कानशीने घासून आखूड केलेला होता. इतका, की त्याचे टोक मधल्या इलेक्ट्रोडच्या कडेपर्यंतच पोहोचत होते. घासलेल्या पृष्ठभागावर कानशीच्या तिरक्या रेघा अजून स्पष्ट होत्या, मात्र ज्या धारदार कडेसाठी हा सारा खटाटोप केलेला होता, ती कड झिजून गोल झाली होती. एका प्लगची गॅप दुसऱ्याशी जुळत नव्हती. तिसऱ्या सिलिंडरमधील प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर तर धातूच्या कड्यापासून वरच्या टोकाकडे जाणारी केसाएवढी बारीक काळी रेघ होती. नख फिरवल्यावर ती नखाला लागली. तो तडा होता.

अशा आखूड केलेल्या इलेक्ट्रोडमागे काहीच विचार नसतो असे मुळीच नाही. ठिणगीतून जन्मलेली ज्योत सुरुवातीला अगदी इवलीशी असते, आणि जवळचा थंड धातू तिची उष्णता शोषून घेतो. त्या ज्योतीवरचे धातूचे छप्पर कमी केले तर तिला वाढायला मोकळीक मिळते, आणि धारदार कडेवरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते, ही दोन्ही विधाने भौतिकशास्त्राला धरून आहेत. शर्यतीच्या इंजिनात, जिथे प्लग थोड्याच वापरानंतर बदलले जातात, तिथे याचा थोडाफार उपयोग होतही असेल. परंतु रोजच्या गाडीत ती धार लवकरच झिजते, गॅप नीट मोजता येत नाही, चारही प्लग एकसारखे घासणे हाताने जवळपास अशक्य असते आणि झिजायला मुळात धातूच कमी उरतो. मधोमध चीर पाडलेल्या किंवा भोक पाडलेल्या इलेक्ट्रोडचे आणखी एक दुखणे असते: उष्णता वाहून नेणारा धातू कमी झाल्याने त्याचे टोक अधिक तापते, आणि फार तापलेले टोक ठिणगीची वाट न पाहता मिश्रण आधीच पेटवू शकते. आज बाजारात मिळणाऱ्या इरिडियम प्लगचा मधला इलेक्ट्रोड साधारण ०.४ ते ०.६ मिलिमीटर जाडीचा असतो, साध्या निकेलचा सुमारे २.५ मिलिमीटर. ज्योतीला मोकळीक आणि ठिणगीला बारीक टोक, हे कानसवाल्यांना हवे असलेले दोन्ही गुण त्यात कारखान्यातूनच येतात, आणि ते टिकतात. इरिडियम २४४६ अंश सेल्सिअसला वितळते आणि निकेल १४५५ अंशांना, यावरून टिकाऊपणातील फरकाची कल्पना यावी.

तड्याचे परिणाम वेगळे आणि अधिक कपटी असतात. गॅपमधून उडी मारण्यापेक्षा तड्यातून किंवा चिनी मातीच्या बाहेरून इंजिनाच्या धातूकडे जाणे विजेला सोपे वाटले की ती त्याच वाटेने जाते, आणि सिलिंडरमध्ये अंधार राहतो. ती वाट एकदा पडली की कॉइलच्या रबरी बुटाच्या, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या रबरी टोपणाच्या, आतल्या भिंतीवर तिची जळकी रेघ उमटते. आमच्या तिसऱ्या बुटात ती होती. अशा वेळी फक्त प्लग बदलला तर नव्या प्लगवरूनही वीज त्याच जुन्या रेघेने पळू शकते आणि गाडीवाला म्हणतो, नवा प्लगही खराब निघाला. आम्ही तो बूट बदलला. असा तडा बहुधा प्लग हातातून पडल्याने किंवा काढताना पाना तिरका बसल्याने जातो, त्यामुळे जमिनीवर पडलेला प्लग, मग तो कितीही नवा असो, मी इंजिनात घालणार नाही.

ॲव्हरेज का पडते, याचे उत्तर मला सर्वांत उद्बोधक वाटले. एका सिलिंडरमध्ये ठिणगी चुकली तर तेवढ्यापुरते इंधन वाया जाते, इथवर कोणालाही समजते. पण त्या सिलिंडरमधला न जळलेला प्राणवायूही तसाच एक्झॉस्टमध्ये जातो, तिथला ऑक्सिजन सेन्सर त्यावरून मिश्रणात इंधन कमी पडत असल्याचा निष्कर्ष काढतो, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, चारही सिलिंडरांना जादा इंधन देऊ लागतो. एकाचे दुखणे चौघांना भोगावे लागते. हेच न जळलेले मिश्रण एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्याला प्रमाणाबाहेर तापवते. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असणे आणि तो उघडझाप करत असणे यांत म्हणूनच मोठा फरक आहे. उघडझाप होत असेल तर पाय सैल करून गाडी सावकाश बाजूला घ्यावी, कारण कन्व्हर्टरची किंमत प्लगच्या किंमतीशी तुलना करण्यासारखी नसते.

हव्या त्या क्रमांकाचे इरिडियम प्लग लगेच मिळाले नाहीत, म्हणून आधी पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचे साधे निकेलचे प्लग बसवले. हा योगायोग फार उपयोगी ठरला, कारण माझी बहुतेक सुधारणा या स्वस्त प्लगांनीच झाली. लालबागच्या चढावरचे हिसके गेले, सिग्नलवरची थरथर गेली, गॅसवर सकाळी पहिल्या काही मिनिटांत येणारा जडपणा गेला आणि ॲव्हरेज जाणवण्याइतके सुधारले. त्यानंतर इरिडियम बसवले तेव्हा पहिल्या दिवशी काही वेगळे जाणवेल या अपेक्षेने फ्रीवेवरून गाडी नेली. चेंबूरच्या बोगद्यात आरपीएम वाढवून कान देऊन ऐकले, तरी मला फरक सांगता आला नाही. वेग वाढला नाही, पिकअपही निकेलच्या नव्या प्लगांइतकाच होता. इरिडियमने ताकद वाढते असे जो सांगतो त्याने बहुधा झिजलेले प्लग काढून ते बसवलेले असतात, आणि गमावलेले परत मिळाले त्याला तो नवी कमाई समजतो.

मग जास्तीचे पैसे कशासाठी, तर ते महिने उलटल्यावर कळले. निकेलच्या प्लगची गॅप वापरानुसार वाढत जाते आणि सीएनजीवर ती अधिक वेगाने वाढते. इरिडियमची गॅप इतक्या महिन्यांनंतर मोजली तेव्हा गॅप मोजायच्या तारेच्या गेजला तिच्यात बदल सापडला नाही. मेचा उकाडा, एसीचा सततचा भार, खंडाळ्याचा घाट चौघांना घेऊन, आणि पूर्ण पावसाळा, या सर्वांत गाडीने एकदाही मिसिंग केले नाही. पावसाळ्याची मला खरी काळजी होती. प्लग ज्या खोल विहिरीसारख्या जागेत बसतात तिथे बुटाचे रबर कडक झालेले असेल तर पाणी उतरते आणि पहिल्या मोठ्या पावसात गाडी खोकू लागते. रबर नवे असल्याने विहिरी कोरड्या राहिल्या. पाणी तुंबलेल्या रस्त्यावरून आल्यावर चिखल काढण्यासाठी इंजिनावर जोराचा फवारा मारण्याची पद्धत मात्र मी बंद करायला लावली आहे.

आणखी एक सल्ला मला वारंवार मिळाला: मुंबईत गाडी रांगत चालते, प्लग काळे पडतात, म्हणून एक पायरी ‘गरम’ प्लग, म्हणजे ज्याचे टोक अधिक तापते असा, घाला. प्लगचे टोक साधारण ५०० अंशांच्या वर गेले की त्यावरचा कार्बन आपोआप जळतो, आणि ८०० अंशांच्या बरेच वर गेले तर ते स्वतःच मिश्रण पेटवू लागते; कंपनी क्रमांक निवडते तो या दोन मर्यादांच्या मध्ये राहण्यासाठी. गॅस मुळातच स्वच्छ जळत असल्याने माझे प्लग काळे पडतच नाहीत, टोकाचा रंग फिकट करडा-तपकिरी आहे. शिवाय क्रमांकांचा घोळ वेगळाच आहे: एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा वाढला की प्लग अधिक थंड होतो, तर बॉश आणि चॅम्पियन यांच्यात आकडा वाढला की अधिक गरम. एका कंपनीचा आकडा पाहून दुसरीचा प्लग अंदाजाने घेतला, तर हवे त्याच्या अगदी उलट हाती येते.

तपासणीसाठी प्लग काढले तेव्हा धातूच्या कड्याच्या लगत चिनी मातीवर तपकिरी वलय दिसले आणि गॅरेजमधल्या मुलाने ते पाहून कॉम्प्रेशन बाहेर येत असल्याचे सांगितले. ते तसे नसते. उच्च व्होल्टेजमुळे आसपासचे तेलकट कण चिनी मातीला चिकटून तो डाग पडतो आणि त्याने काम बिघडत नाही. तडा मात्र नखाला लागतो, हा फरक लक्षात ठेवावा. त्याच मुलाने तारेचा ब्रश हातात घेतला होता, तोही थांबवावा लागला, कारण ब्रशमुळे इरिडियमचे बारीक टोक दुखावते आणि टोकाजवळच्या चिनी मातीवर धातूचे ओरखडे उमटून विजेला नवी वाट मिळते. प्लग परत बसवताना इंजिन पूर्ण थंड होते, आटे आधी हातानेच बसवले आणि शेवटी टॉर्क रेंच वापरला, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले तर ती दुरुस्ती प्लगच्या संचापेक्षा कितीतरी महाग पडते. पुढची तपासणी येत्या पावसाळ्याआधी करायची आहे. गॅप मोजायला त्या वेळीही गोल तारेचाच गेज वापरणार आहे. नाण्यासारखा उतरता गेज मधल्या टोकावर रेटला जातो आणि अर्ध्या मिलिमीटरचे ते टोक मोडायला तेवढे पुरते.