जीपची पॉवर वाढवून देतो म्हणून १,४९,००० रुपयांना फसवलं. वाचा आणि सावध व्हा

एक लाख एकोणपन्नास हजार रुपये. त्यानंतर दुरुस्तीला १,०६,२५०. एकूण २,५५,२५०. सगळे आकडे इथे देतोय, कारण "जाऊ दे, झालं ते झालं" म्हणून लोक गप्प बसतात आणि पुढचा माणूस त्याच गॅरेजात गाडी लावतो. गॅरेजचं नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगाकडे गेलंय आणि वकिलांनी नाव घ्यायला मनाई केली आहे.

माझी गाडी २०१८ ची, बीएस ४ डिझेल, फोर बाय फोर जीप. कागदावर इंजिनाची ताकद १०५ बीएचपी. ३३ इंची टायर टाकल्यापासून ती जड चालायला लागली होती. पसरणी घाटात एसटीच्या मागे अडकलो की पुढे निघायची हिंमत व्हायची नाही. मागे मुलं बसलेली असायची. त्यामुळे "शो करायला गेला होता, बरं झालं" असं कुणी म्हणू नका. मला रेस लावायची नव्हती. घाटात पाय दाबला तर गाडी निघावी, एवढंच हवं होतं.

हे आता कळलंय ते आधीच सांगून टाकतो. मोठे टायर टाकल्यावर गाडी मंद होते ती इंजिनाची ताकद गेली म्हणून नाही. चाकाचा घेर वाढतो, त्यामुळे गिअरिंग उंच होतं आणि प्रत्येक गिअरमध्ये इंजिनावर जास्त भार येतो. त्यावरचा खरा इलाज डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरचं, गुणोत्तर बदलणं किंवा मूळ मापाचे टायर परत लावणं. पण हे सांगणाऱ्या मेकॅनिकला त्यात फारसं काही सुटत नाही, म्हणून तो सांगतच नाही.

मला दिलेलं कोटेशन असं होतं. ईसीयू रीमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलणं, २८,५००. "इंपोर्टेड हायब्रिड" टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) ६४,०००. ती हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर २२,०००. फ्री फ्लो एक्झॉस्ट १८,५००. डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनवर, आधी आणि नंतर अशा दोन टेस्ट, प्रत्येकी ३,५०० प्रमाणे ७,०००. मजुरी ९,०००. "साहेब, दीडशेच्या खाली पॉवर आली तर पैसे परत," हे त्याचे शब्द. ही हमी मात्र लिहून दिली नाही. मीही मागितली नाही, कारण दोन वर्षं त्याच्याकडे सर्व्हिसिंग चांगलं होत होतं. अशी मंडळी आधी छोटी कामं प्रामाणिकपणे करतात, हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

बिलाचं विचारलं तर म्हणाला, "पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर पडतील." म्हणजे २६,८२०. मी नको म्हणालो. ही माझी चूक, सरळ कबूल करतो. पण तुमच्यातल्या किती जणांनी गॅरेजात पक्कं बिल घेतलंय? साठ हजार एकदा आणि चाळीस हजार दुसऱ्या दिवशी यूपीआयने दिले, तेही त्याच्या नाही तर दुसऱ्याच कुणाच्या नावाच्या खात्यावर. उरलेले ४९,००० रोख.

जून २०२५ मध्ये गाडी दिली. अकरा दिवसांनी मिळाली.

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही तेव्हा हाच डोळ्यांसमोर येतो.

त्याने डायनोचा कागद काउंटरवर ठेवला. ए फोर आकाराचा, रंगीत प्रिंट, लाल आणि निळी अशा दोन रेषा. वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरात १५२. त्याचं बोट त्या १५२ वर होतं आणि माझे डोळेही तिथेच होते. खाली आडव्या रेषेवर आरपीएमचे, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचे, आकडे होते. एक हजार, दोन हजार, असं करत सात हजारपर्यंत. लाल रेषा चढत चढत थेट सहा हजारच्या पुढे जाऊन टोकाला पोचली होती. डिझेल गाडी चालवणाऱ्यांना पुढचं सांगायची गरज नाही. माझ्या इंजिनाची पूर्ण ताकद ३,८०० आरपीएमला येते. ते सहा हजारला जातच नाही. तो कागद कुठल्या तरी पेट्रोल गाडीचा होता! गाडी नंबरचा रकाना कोरा होता. "आधीची टेस्ट कुठे आहे?" असं मी विचारलं, तर "प्रिंटर बिघडलाय, व्हॉट्सॲपवर टाकतो" म्हणाला. ती कधीच आली नाही.

सात वर्षं रोज मी त्या गाडीचा टॅकोमीटर बघतोय. काटा कुठे लाल होतो हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. तरी तो कागद हातात असताना मी खाली बघितलं नाही. घडी घालून खिशात ठेवला आणि त्याच्याशी हात मिळवून निघालो. दोन महिन्यांनी मेव्हण्याने तो कागद उलगडून पहिल्या नजरेत विचारलं, "दाजी, डिझेल सहा हजारला कुठे जातं?" तेव्हा घरातल्या सगळ्यांसमोर मला खाली मान घालावी लागली.

बाहेर पडल्यावर गाडी खरंच पळायला लागल्यासारखी वाटली. म्हणूनच संशय आला नाही. पायाखाली नुसतं दाबलं की जीप उसळायची. बायकोही म्हणाली, फरक आहे. नंतर कळलं की ॲक्सिलरेटर पेडलच्या वरच्या बाजूला, डबल टेपने चिकटवलेली एक काडेपेटीएवढी डबी होती. पेडलचा कनेक्टर आणि वायरिंग यांच्या मध्ये ती बसते. तुम्ही पाव पेडल दाबलं की ती गाडीला अर्ध्याहून जास्त दाबल्याचा सिग्नल देते. पूर्ण पेडल दाबलं तर डबी असो वा नसो, गाडी तेवढीच पळते. ताकद एक बीएचपीनेही वाढत नाही. असली डबी ऑनलाइन कुणीही मागवू शकतो. गाडीचं काम करून आणलं असेल तर आजच खाली वाकून पेडलचा कनेक्टर बघा. मध्ये काही बसवलेलं दिसलं तर काढा आणि गाडी चालवून बघा. दोन मिनिटांत सगळं समजेल.

सव्विसाव्या दिवशी आंबेनळी घाट. पाऊस, धुकं, गाडीत मी, मेव्हणा आणि धाकटा मुलगा. चढावर मागे निळसर पांढरा धूर दिसायला लागला. गाडी बाजूला घेतली आणि न्यूट्रल केली, तर इंजिनाचा आवाज आपोआप वाढायला लागला. चावी काढली. इंजिन बंदच होईना! डिझेल इंजिनात टर्बोचं सील गेलं की त्याचं तेल हवेच्या पाइपमधून आत जातं आणि इंजिन त्या तेलावरच पळत सुटतं. मग चावीचा काही उपयोग नसतो. मेव्हणा ओरडला, "चौथा टाका, ब्रेक दाबा, क्लच सोडा!" तसं केल्यावर धक्का देऊन इंजिन बंद पडलं. मुलगा रडत होता. पैशांचं दुःख एका बाजूला, पण त्या माणसाने माझ्या लेकराला दरीच्या कडेला आणून उभं केलं, हे मी त्याला कधीच माफ करणार नाही. ज्यांच्या डिझेल गाडीत टर्बो आहे त्यांनी हे लक्षात ठेवा: मॅन्युअल गाडी असेल तर वरचा गिअर, ब्रेक घट्ट आणि क्लच एकदम सोडायचा.

टोइंगचे ७,५०० गेले. दुसऱ्या एका जाणकार माणसाकडे गाडी उघडली. टर्बोचा शाफ्ट हाताने हलत होता. "इंपोर्टेड" म्हणून बसवलेला टर्बो जुना, साफ करून रंगवलेला होता. रंग बोल्टच्या खाचांतही गेला होता, नव्या मालावर तसा कधीच नसतो. ईसीयूची फाइल वाचली, तर ती कंपनीचीच. काहीही बदललेलं नव्हतं. आणि २२,००० चा तो मोठा इंटरकूलर! दोन वर्षांपूर्वी ट्रेलवर दगड लागून माझ्या इंटरकूलरच्या डाव्या कोपऱ्यात चंद्रकोरीसारखा पोचा पडला होता. काळ्या रंगाखाली तो पोचा तसाच होता. माझाच इंटरकूलर रंगवून मला विकला.

सगळ्यात संताप कशाचा, तर माझा मूळ टर्बो आणि मूळ सायलेन्सर त्याने ठेवून घेतले. सायलेन्सरबरोबर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात, म्हणून भंगारात त्याला वेगळा भाव मिळतो. विचारलं तर म्हणाला, "जुना माल आम्ही ठेवत नाही, दादा." एक्झॉस्ट म्हणून लावलेला पाइप तर तिथेच वेल्डिंग केलेला होता. जुना पार्ट काढला की तो गोणीत भरून त्याच दिवशी घरी न्या, मग तो तुटका असो वा गंजका.

नवा टर्बो ५२,७००. तेल, फिल्टर, इंटरकूलर धुणं आणि मजुरी १४,८५०. कन्व्हर्टरसकट सायलेन्सर ३१,२००. तो न लावता गाडी रस्त्यावर आणणंच चूक, म्हणून तेही भरले. इंजिन वाचलं एवढंच नशीब.

मग सुरू झाल्या फेऱ्या.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी अडीच तास बसवलं. "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." मी म्हणालो, माझे पार्ट विकले, खोटा कागद दाखवला, हे दिवाणी कसं? त्यावर साहेब म्हणाले, "गाडीत बदल तुम्हीच करायला सांगितले ना? आरटीओला कळवू का?" तिथे माझं तोंड बंद झालं. फिर्याद घेतली नाही, नुसता अर्ज घेतला आणि पोचसुद्धा मी तिसऱ्यांदा मागितल्यावर दिली. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या ३१८ मध्ये बसते, सोपवलेल्या वस्तू परस्पर विकणं ३१६ मध्ये. हे कलम मी घरी बसून शोधायचं आणि ठाण्यातल्या माणसाने मला दमात घ्यायचं!

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला. "ऑनलाइन फ्रॉड असेल तरच. तुम्ही समोर उभं राहून पैसे दिलेत." बँक म्हणाली, व्यवहार तुमच्याच पिनने झालाय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, आणि काही दिवसांनी ग्राहक आयोगात जा असं सांगून तक्रार बंद. आरटीओत गेलो तर खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं की गॅरेजवर कारवाई आमच्याकडे नाही, गाडी मालकावर आहे. पाच दारं ठोठावली, पाचही ठिकाणी गुन्हेगार मीच. ज्याने पैसे खाल्ले त्याला एकानेही फोन करून "या जरा इकडे" म्हटलं नाही. तो आजही गॅरेज उघडतो, आजही काउंटरवर ते रंगीत कागद ठेवतो, आणि रजा मी टाकतोय.

कायद्याचं मात्र खरं आहे, लपवत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेले बदल सापडले तर क्लेम अडकतो तो वेगळाच. मला पैसे घेताना यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. आणि नेमकी हीच भीती त्याचं भांडवल आहे. त्याला पक्कं ठाऊक असतं की हा माणूस लाजेने तक्रार करणार नाही.

तक्रार करा. पोलीस ऐकत नसतील तर लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, कायद्यात तशी सोय आहे. मी पाठवली. ग्राहक आयोगात, काम पाच लाखांपर्यंतचं असेल तर दाखल करायला फी नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दावा टाकता येतो, गॅरेजच्या गावी खेटे घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षं. पक्कं बिल नव्हतं तरी माझ्याकडे यूपीआयच्या दोन नोंदी, कोटेशनचा व्हॉट्सॲप मेसेज, दुसऱ्या मेकॅनिकचा सहीचा रिपोर्ट आणि उघडलेल्या टर्बोचे फोटो आहेत. वकील म्हणतात, उभं राहायला एवढं पुरतं.

रीमॅप करणारा आधी ईसीयूमधली मूळ फाइल वाचून घेतो. ती फाइल पेन ड्राइव्हवर मागा. देत नसेल तर उठून या. डायनोवर गाडी चढवताना स्वतः तिथे उभे राहा, नंबरप्लेटसकट व्हिडिओ काढा, आधीची आणि नंतरची टेस्ट एकाच गिअरमध्ये करून घ्या. ब्रेक, सस्पेन्शन यांचं नाव न काढता फक्त पॉवर विकणाऱ्याकडे जाऊच नका. उंच गाडीचा वेग वाढवून ती थांबवायची कशी, हे त्याला विचारा.

परवा ऑनलाइन तक्रार दाखल केली. पहिली तारीख अजून पडलेली नाही. सोबत जोडलेल्या कागदांत तो डायनोचा कागदही आहे, आणि सहा हजारच्या आकड्याभोवती मी लाल पेनाने गोल केलाय. ज्या डिझेलवाल्यांना असा कागद मिळाला असेल त्यांनी वरचा आकडा सोडा, खालची रेषा बघा. तुमच्या कागदावरही टोक पाच-सहा हजारच्या पुढे असेल तर मला कळवा. दोघांचे कागद एकाच फाइलला लागले तर त्याला "प्रिंटर बिघडला होता" म्हणता येणार नाही.