आरसी (रिमोटवर चालणारी) कार सर्व्हिसला देताय? आधी हे वाचा

माझी १:१० स्केलची फोर-व्हील बगी पुण्यात एका दुरुस्तीवाल्याकडे दिली होती. पुढच्या-मागच्या दोन्ही डिफमध्ये (डिफरेन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) नवं सिलिकॉन ऑइल, सगळी बेअरिंग नवी, स्टीलचा पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) अशी यादी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि पैसे आगाऊ घेतले. गाडी चकाचक पुसून परत आली. मैदानात उतरवली तर गिअर करकरायला लागले आणि मोटर हात लावता येणार नाही इतकी तापली.

घरी येऊन उघडली. पिनियनला चुंबक लावला, चिकटलाच नाही. अ‍ॅल्युमिनियमचा निघाला. त्यातही दात ०.६ मोड्यूलचे (मोड्यूल आणि पिच ही दातांच्या आकाराची मापं) आणि माझा स्पर, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर, ४८ पिचचा, म्हणजे साधारण ०.५३ मोड्यूल. दिसायला दोन्ही सारखेच. हाताने फिरवताना जुळल्यासारखे वाटतात, पण वेगात प्लॅस्टिकचा स्पर कुरतडला जातो. चेसिसवर त्याचा भुगा सांडला होता. माझा मूळचा पिनियन स्टीलचाच होता, तोही गेला.

डिफमध्ये १०,००० सीएसटीचं (सीएसटी हे ऑइलच्या दाटपणाचं माप) ऑइल भरलंय म्हणाला होता. आत पिवळं ग्रीस! ते फिरताना कडेला फेकलं जातं आणि गिअर कोरडे राहतात.

सगळ्यात जास्त राग बेअरिंगचा आला. गाडी परत देताना त्याने एक बेअरिंग बोटावर धरून फिरवून दाखवलं, ‘बघा, थांबतच नाही.’ ते जुनंच होतं, पेट्रोलमध्ये धुतलेलं. ग्रीस निघून गेलं की बेअरिंग भिरभिरतंच. नव्यात ग्रीस असतं, म्हणून ते उलट लवकर थांबतं. हे ठाऊक नसणारा प्रत्येक जण तिथे फसणार, आणि त्याच्याकडे येणारी बरीचशी शाळकरी मुलं आहेत.

विचारलं तर म्हणाला, तुम्हीच गाडी रेटली. मग फोन उचलणं बंद.

गाडी देण्याआधी बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर मार्करने खूण करा, काढलेले पार्ट परत द्यायचे हे आधीच ठरवा, डिफ तुमच्यासमोर भरायला लावा. ‘टाकून दिले’ असं उत्तर आलं तर उरलेले पैसे देऊ नका. परत आल्यावर स्पर घट्ट धरून मागचं एक चाक फिरवा. दुसरं उलट दिशेला फिरलं पाहिजे आणि हाताला सलग, एकसारखा जडपणा लागला पाहिजे. माझं मध्येच मोकळं सुटत होतं.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. ती यादी आणि उघडलेल्या डिफचे फोटो जोडले आहेत.