‘इज’ की ‘आर’: रत्नागिरीतील एका इंग्रजी वर्गाचा अनुभव

आंब्याच्या व्यापाराचा इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळताना ‘इज’ आणि ‘आर’ यांत माझी नेहमी गल्लत होत असे, म्हणून मारुती मंदिर परिसरातील एका संध्याकाळच्या वर्गाला मी दीड महिना जाऊन आले. परिमाणवाचक, म्हणजे ‘किती’ ते सांगणारे शब्द आणि क्रियापद यांचा मेळ हा तिथला सर्वांत सकस भाग आहे. बाईंनी फळ्यावर ‘हाफ ऑफ द राइस इज’ आणि ‘हाफ ऑफ द मँगोज आर’ असे शेजारी-शेजारी लिहून ‘ऑफ’नंतरचे नाम एकवचनी आहे की अनेकवचनी, एवढेच पाहायला सांगितले, आपणही ‘अर्धा भात संपला’ आणि ‘अर्धे आंबे संपले’ असेच म्हणतो, हे तेव्हा प्रथम ध्यानात आले. ‘अ नंबर ऑफ बॉक्सेस आर’, पण ‘द नंबर ऑफ बॉक्सेस इज’, हा फरकही ‘बऱ्याच पेट्या आल्या’ आणि ‘पेट्यांची संख्या वाढली’ या जोडीने सहज उलगडला. मराठीचा आधार सुटतो तो रकमेपाशी: आपले ५०० रुपये ‘पुरेसे आहेत’, इंग्रजीत मात्र ती एकच रक्कम मानून ‘इज इनफ’ म्हणायचे. माझ्या वहीत ही चूक तीनदा लाल झाली.

तक्रार आहे ती सरावपत्रिकांची. छापील उत्तरांत, कर्ता ‘वन’ असल्याने ‘इज’ हवे तिथे, ‘वन ऑफ द बोट्स आर’ असे चक्क चुकीचे वाक्य होते आणि ते दाखवून दिल्यावरही पुढच्या तुकडीला तीच पत्रिका वाटली गेली. शिवाय पावसात वीज गेली की तास बुडतो, तो भरून मिळत नाही.