मिस्सा न करता मयत करायचं होतं, वसईतल्या अंडरटेकरचा अनुभव

पप्पा गेल्या महिन्यात गेले, वय ७८. आम्ही वसईचे कॅथलिक, पण पप्पा चाळीसेक वर्षं देवळाची, म्हणजे चर्चची, पायरी चढले नव्हते. ते कामगार नेते जॉर्ज फर्नांडिसांच्या युनियनमधले, १९६७ ला जॉर्जनी लोकसभेला दक्षिण मुंबईत काँग्रेसच्या स. का. पाटलांना पाडलं तेव्हा विशीतले पप्पा प्रचारात रात्रभर पोस्टरं चिकटवायचे. २०१९ ला जॉर्ज गेले, दिल्लीत आधी दहन झालं मग अस्थी ख्रिश्चन दफनभूमीत पुरल्या, ते बघून पप्पांनी वहीत लिहून ठेवलं होतं, मला सरळ माझ्या आईच्या कबरीत पुरा, पण मिस्सा (फादर करतात ती चर्चची प्रार्थना) नको, फादर नको, पेटीवर क्रूस नको, डोळे मात्र द्या.

डोळ्यांचं सहा तासांच्या आत करावं लागतं, ते आधी झालं. डॉक्टर घरी आले, मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याचा फॉर्म ४अ भरून दिला (घरी मृत्यू झाला की ४अ, हॉस्पिटलात ४). मग खरी पळापळ. पहिल्या अंडरटेकरला (मयताची पेटी, गाडी वगैरे बघणारा) फोनवर सांगितलं तर म्हणाला असं आम्ही करत नाही, आणि ठेवून दिला.

दुसऱ्याबद्दल हा रिव्ह्यू. पुढे तक्रार पण आहे म्हणून नाव टाकत नाही. हे काका घरी आले, वही स्वतः वाचली आणि विचारलं, "फादर नाहीत, मग पेटी खाली ठेवल्यावर पहिलं वाक्य कोण बोलणार?" आम्ही सगळे गप्प, हा विचार कुणी केलाच नव्हता. मिस्सा असली की कधी उभं राहायचं, कधी माती टाकायची हे सगळं ठरलेलं असतं, ती काढली तर तो पाऊण तास रिकामा पडतो आणि लोक नुसते एकमेकांकडे बघत राहतात. त्यांनी आमच्याकडून कागदावर लिहून घेतलं: झाकण लावायच्या आधी भाऊ वहीचं पान वाचणार, मग युनियनमधले एक जुने सोबती दोन मिनिटं बोलणार, मग दोर धरायला कोण चौघं, पहिली माती आमच्या आईने टाकायची. खरं सांगते, त्या एका कागदामुळे सगळं निभावलं.

आत्या रडत होती, आपल्या घरात बिनमिस्सेचं कुणी गेलं नाही म्हणून. सिमेट्री चर्चची, त्यामुळे परवानगीला फादरकडे जावंच लागलं, तिथेही काकाच बरोबर आले. फादर शांतपणे म्हणाले कबर तुमच्याच घराण्याची आहे, मी येईन पण मागे उभा राहीन. आणि तसेच उभे राहिले. सातव्या दिवशी आईने स्वतःसाठी मिस्सा सांगितली, त्याला आम्ही कुणी आडवे आलो नाही, पप्पाही आले नसते.

तयार पेट्यांच्या झाकणावर पितळी क्रूस लावूनच येतो. काकांनी आमच्यासमोर स्क्रू काढले, चारही भोकांत पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला आणि वर पॉलिशचा हात फिरवला, बोट फिरवलं तरी खड्डा लागत नव्हता. कबरीच्या डोक्याशी साधी लाकडी पाटी, नाव आणि दोन सालं.

आता तक्रार. मस्कतहून भाऊ यायचा होता म्हणून बॉडी दोन रात्री घरी बर्फाच्या पेटीत ठेवली, दुसऱ्या रात्रीचं भाडं वेगळं हे आधी सांगितलं नाही, थेट बिलात दिसलं. आणि गाडीच्या ड्रायव्हरला कुणी कल्पनाच दिली नव्हती, त्याने नेहमीसारखी गाणी लावली, गल्लीच्या तोंडापर्यंत भक्तिगीत वाजत गेलं. भाऊ धावत जाऊन बंद करून आला. मला ते अजून लागतं, पप्पांनी वहीत मागितलेल्या गोष्टींत शांतता लिहिलेली नव्हती पण अर्थ तोच होता ना. असं काही करणार असाल तर ड्रायव्हरला स्वतः सांगा, आणि भाडं रात्रीवार लिहून घ्या.

पाचपैकी चार स्टार. काढलेला क्रूस काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आत्याच्या हातात दिला, म्हणाले पेटीच्या पैशात याचे पैसे धरलेले आहेत, हा तुमचाच.