कॉइलओव्हर, एक सीझन वापरून: आणि त्या पान्याबद्दल जरा जास्तच

वॉरंटी नाकारल्याची मेल आली त्याच संध्याकाळी हे लिहायला बसलो, त्यामुळे सुरुवात तापलेली वाटली तर सांभाळून घ्या. पुढे माझं मत बदललंय, पण सगळ्या बाबतीत नाही. पान्याच्या बाबतीत तर अजिबात नाही.

ऑटोक्रॉससाठी (कोन मांडलेल्या वाटेवरून एकेकट्याने घड्याळाविरुद्ध गाडी पळवायची स्पर्धा) मी गाडीला कॉइलओव्हरचा सेट बसवला, म्हणजे उंची बदलता येणारे शॉक आणि स्प्रिंग. त्यातला मागचा उजवा शॉक गळायला लागला. दांड्यावर तेलाचा थर, त्यावर धूळ बसून झालेला काळा चिखल. कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं: गाडी स्पर्धेत वापरली आहे, सबब वॉरंटी लागू नाही. आता गंमत बघा. ज्या खोक्यातून हा सेट आला, त्या खोक्यावर केशरी कोनांमधून वळणाऱ्या, मागचं एक चाक हवेत उचललेल्या हॅचबॅकचं चित्र आहे. मी त्या चित्राचाच फोटो काढून पाठवला. त्यावर उत्तर: चित्र केवळ उदाहरणादाखल आहे. कशाचं उदाहरण, ते विचारलं. त्याला अजून उत्तर नाही.

असो. गाडीची माहिती थोडक्यात: फ्रंट-व्हील ड्राइव्ह, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी, पिळली जाणारी तुळई), इंजिन जसं आलं तसं. मागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) आधीच घातलेला होता. टायर 200 ट्रेडवेअरचे (रबर किती लवकर झिजतं ते सांगणारा हा आकडा टायर बनवणाराच लावतो, त्यामुळे एकाचा 200 आणि दुसऱ्याचा 200 यांत रबराचा जमीन-अस्मानाचा फरक निघू शकतो, पण ते रडगाणं पुन्हा कधीतरी). ब्रेक पॅडही बदलले होते. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रन संपते मिनिटभरात, ब्रेक खऱ्या अर्थाने तापेपर्यंत गाडी वेळ मोजणारा फिनिशचा बीम ओलांडून थांबलेली असते.

विकणारा एक गोष्ट सांगत नाही, ती मी सांगतो. स्प्रिंग बदलली की स्पर्धेतला वर्ग बदलतो. एससीसीए या अमेरिकन क्लबच्या सोलो (म्हणजे ऑटोक्रॉसच्या) नियमांत स्ट्रीट प्रकारात शॉक बदललेले चालतात, पुढचा किंवा मागचा यांपैकी एक अँटी-रोल बार बदललेला चालतो, पण स्प्रिंग मूळचीच लागते. कॉइलओव्हर चढवला की तुम्ही स्ट्रीट टूरिंगमध्ये. आमच्या क्लबची वर्गवारी त्याच धर्तीवर आहे. म्हणजे पदरचे पैसे घालून मी अशा लोकांच्या पंगतीत जाऊन बसलो, ज्यांच्याकडे माझ्यापेक्षा रुंद रिम, रुंद टायर आणि बहुधा माझ्यापेक्षा जास्त फुरसत आहे. गाडी सुधारली आणि निकालाच्या यादीत नाव खाली गेलं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

‘अमुक बसवलं आणि दोन सेकंद वाचले’ असं कुणी लिहिलं तर पुढे वाचू नका. ऑटोक्रॉसचा कोर्स दर वेळी वेगळा मांडतात. मागच्या वेळच्या स्वतःच्या वेळेशी तुलना करायची तर कशी? आणि दोन सेकंद म्हणजे एक पाडलेला कोन, तेवढाच दंड असतो. माझी मोजपट्टी म्हणजे जुन्या वर्गातला एक नेहमीचा स्पर्धक. त्याची गाडी वर्षभर जशीच्या तशी आहे आणि तो कंटाळवाणा वाटावा इतका सातत्याने चालवतो. त्याच्या वेळेपेक्षा मी किती टक्के मागे, हे मी प्रत्येक इव्हेंटनंतर लिहून ठेवतो. पुढे जिथे ‘सुधारलं’ म्हणेन तिथे हेच धरा.

आता पाना.

कॉइलओव्हरची उंची बदलायला सी-स्पॅनर लागतो. त्याची आकडी शॉकच्या धाग्यांवर फिरणाऱ्या रिंगच्या खाचेत अडकवायची आणि फिरवायचं. सेटबरोबर दोन मिळतात, पत्र्यातून कापलेले, वर झकास रंग, कंपनीचं नाव कोरलेलं. जाडी इतकी कमी की जोर लावला की पाना आधी वाकतो आणि मग खाचेतून निसटतो. निसटताना खाचेची धार खातो. रिंग ॲल्युमिनियमची, त्यामुळे धार एकदा गोल झाली की पुढच्या वेळी आणखी लवकर निसटतो. दांडा आखूड, म्हणून त्यावर नळी चढवून बघितली. मग नळीसकट वाकला. चाकाच्या कमानीत हात घालून, मान वाकडी करून, बोटांची सालटी काढत हे करायचं. एवढ्या महागाच्या सेटमध्ये सगळ्यात स्वस्त वस्तू हीच, आणि ज्या कामासाठी सेट घेतला ते काम हिच्यावाचून होत नाही. दोन मिलिमीटर जाड पोलाद वापरलं असतं तर यांचं दिवाळं निघालं असतं का?

मी एवढा का चिडलोय ते उंचीशी जोडलेलं आहे.

माहितीपत्रकात सुचवलेली उंची ठेवून गाडी बसवून दिली होती. दिसायला झकास. पहिल्याच इव्हेंटला लांब वळणात गाडी आधी वळे, मग अर्ध्या वळणात पुढचं टोक एकदम सुटे. हळूहळू नाही, एकदम. पुढच्या शॉकच्या दांड्यावर एक झिप-टाय घट्ट बसवला, प्रवास किती होतो ते बघायला. एका रननंतर टाय थेट बंप स्टॉपला भिडलेला. म्हणजे वळणात स्प्रिंगचा प्रवास संपून सगळा भार रबराच्या ठोकळ्यावर येत होता. त्या क्षणी त्या चाकाचा कडकपणा एकदम वाढतो आणि बाहेरचा पुढचा टायर हात टेकतो. त्यात मॅकफर्सन स्ट्रटचं आणखी एक दुखणं: गाडी फार खाली केली की खालचा आर्म आडवा राहत नाही, चाकाकडचं टोक वर जातं. रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. दोघांतलं अंतर वाढलं की गाडी खाली असूनही जास्त कलायला बघते, आणि कलताना मिळायला हवा तो निगेटिव्ह कॅम्बरही (चाकाच्या वरच्या टोकाचा आतला झुकाव) मिळत नाही. खाली म्हणजे चांगली, हे फोटोपुरतं.

उपाय सरळ होता, पुढून वीसेक मिलिमीटर वर घ्यायची. पण तोवर लॉक रिंग पावसापाण्याने आणि रस्त्याच्या घाणीने जाम झाल्या होत्या, आणि हातात तो पाना. म्हणून सीझनचा बराच भाग गाडी चुकीच्या उंचीवर पळाली. शेवटी गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरवलं, लाकडाचा ठोकळा लावून रिंगवर हलके ठोके घातले आणि दुसऱ्याच कंपनीचा जाड, लांब दांड्याचा पाना आणला. रिंग फिरली. धाग्यांवर ग्रीस लावून आता जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून ठेवलाय. उंची बदलली की टो (चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) बदलतो, म्हणून अलाइनमेंट पुन्हा. तो खर्च वेगळा. गाडी वर घेतल्यानंतरच्या इव्हेंटपासून माझी टक्केवारी सुधारली, आणि ती सुधारणा टिकली. गाडी पूर्वीसारखी ‘देखणी’ नाही, असं पॅडॉकमध्ये दोघातिघांनी सांगितलं. सांगू दे.

स्प्रिंगबद्दल मात्र तक्रार नाही. पत्रकात पुढे 6 आणि मागे 8 किलो प्रति मिलिमीटर लिहिलंय, ते वाचून बरेच जण घाबरतात की मागचं टोक फिरेल. तसं नसतं. चाकाला काय जाणवतं ते मोशन रेशोच्या (चाक हलतं त्याच्या किती पट स्प्रिंग हलते) वर्गावर, म्हणजे रेशो गुणिले रेशोवर, ठरतं. स्ट्रटमध्ये हा रेशो एकाच्या जवळ असतो, 0.95 धरला तर 6 ची स्प्रिंग चाकापाशी साधारण 5.4 ची उरते. टॉर्शन बीमवर स्प्रिंग चाकापासून बरीच आत आणि पुढे बसते. रेशो 0.7 धरा, वर्ग 0.49, म्हणजे 8 ची झाली जेमतेम 3.9. चाकापाशी मागचं टोक मऊच आहे, आणि ते हलकंही आहे. आतलं मागचं चाक उचललं जातं ते मुख्यतः जाड अँटी-रोल बारमुळे, आणि फ्रंट-व्हील ड्राइव्हला ते हवंच असतं.

मग येतो शॉकचा कडकपणा बदलणारा नॉब. बत्तीस क्लिक! जाहिरातीत हाच आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात. मी महिनोन्महिने श्रद्धेने क्लिक मोजले. स्लॅलमला (कोनांच्या रांगेतून नागमोडी जायचं) पुढे चार क्लिक कडक, ओल्या जमिनीवर सहा मऊ, वहीत तक्ते. कधी फरक वाटायचा, कधी नाही, आणि डावीकडे वळताना गाडी उजवीकडच्या वळणापेक्षा वेगळी वागायची ते कायमचंच. टायरच्या खांद्यावर खडूच्या रेघा मारून बघितलं, दोन्ही बाजूंना सारख्याच पुसल्या जायच्या. हवेचा दाब सारखा. कारण सापडत नव्हतं.

इथपर्यंतचा मजकूर लिहून ‘हा सेट घेऊ नका’ अशी शेवटची ओळही टाकली होती. ती खोडली, कारण मधल्या काळात पुढचं घडलं.

वॉरंटीचं भांडण आणखी थोडं चाललं. शेवटी ‘सद्भावना म्हणून’ त्यांनी तोडगा दिला: चारही शॉक पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा, तपासून कळवू, दीड-दोन महिने धरा. गळतोय एक, पाठवायचे चार, आणि सीझन चालू असताना गाडी ठोकळ्यांवर. त्या वाहतूक खर्चात थोडी भर घातली की शॉक उघडून दुरुस्त करणाऱ्या माणसाची मजुरी निघत होती. मी हिशेबी माणूस आहे. सेट त्याच्याकडे नेला.

हे मोनोट्यूब शॉक: एकाच नळीत तेल, खाली तरंगता पिस्टन आणि त्याच्यामागे दाबाखाली नायट्रोजन. त्याने उघडण्याआधी चारही शॉक डायनोवर लावले. हे यंत्र शॉकचा दांडा वेगवेगळ्या गतीने वरखाली करतं आणि किती बल लागतं त्याचा आलेख काढतं. तो आलेख बघितला आणि माझी वही तिथेच बाद झाली. एकाच क्लिकवर ठेवलेले पुढचे दोन शॉक एकमेकांशी जुळत नव्हते; डावा सरळसरळ मऊ. बत्तीसपैकी मऊ बाजूच्या वीस-बावीस क्लिकमध्ये रेघा एकमेकींवर बसलेल्या, बदल जवळजवळ शून्य. जो काही फरक पडत होता तो शेवटच्या कडक क्लिकमध्ये, आणि तोही मुख्यतः रिबाउंडचा, म्हणजे शॉक ताणला जातानाचा. कम्प्रेशन जेमतेम हलत होतं. ऑटोक्रॉसमध्ये स्लॅलमसारख्या जागी गाडी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाते तेव्हा शॉकचा दांडा अगदी सावकाश हलत असतो. तिथलं बल महत्त्वाचं, आणि नेमका तिथेच या दोघांत सगळ्यात जास्त तफावत.

त्याने नवे सील, नवं तेल, नायट्रोजन भरून दिला आणि आतल्या शिमची (तेलाचा प्रवाह अडवणाऱ्या पातळ चकत्या) मांडणी अशी जुळवली की डावा-उजवा आलेख एकमेकांवर बसले. गळतीचं कारण त्याच्या मते साधं: दांड्यावर धूळ अडवणारा बूट कंपनीने दिलेलाच नाही, खडी-वाळू सीलला घासत राहते. त्याने बूट चढवून दिले. त्यांची किंमत बिलात शोधावी लागली, इतकी किरकोळ.

त्यानंतरची गाडी वेगळी आहे, आणि हे मी टक्केवारी बघून म्हणतोय. स्लॅलममध्ये पहिला कोन लवकर गाठून पुढचा प्रत्येक कोन त्याच्या मागच्या अंगाने घ्यायचा, हे तंत्र मला कळत होतं पण गाडी दर तिसऱ्या कोनाला उशीर करायची. आता तो उशीर नाही. डावं-उजवं सारखं. त्या नेहमीच्या स्पर्धकाच्या मी आता पुढे असतो. तो म्हणतो वर्ग वेगळा आहे, मोजू नकोस. बरोबर आहे त्याचं.

म्हणून बदललेलं मत असं: नळ्या चांगल्या, स्प्रिंग चांगल्या, कॅम्बर प्लेट मजबूत (उणे 3 अंश कॅम्बरवर पुढचे टायर सरळ झिजायला लागले, आधी बाहेरचा खांदाच जायचा). आतली झडपांची जुळणी निष्काळजी. नॉब म्हणजे निव्वळ विक्रीची सोय. बत्तीसऐवजी चारच क्लिक, पण चारही शॉकमध्ये सारखे, असा सेट कुणी विकला तर मी आधी तो घेईन. नव्या सेटवर पैसे टाकणाऱ्यांनी शॉक गाडीला लावण्याआधीच डायनोवर बघून घ्यावेत. न जुळलेली जोडी परत करायला तेव्हा सोपी जाते, कारण स्पर्धेत वापरली म्हणायची सोय नसते.

रोजच्या वापराचं विचाराल तर वरच्या माउंटमध्ये रबर नाही, धातूचं बॉल-जॉइंट आहे. काही महिन्यांनी त्यातून टकटक सुरू झाली आहे, स्टीअरिंग वळवताना जास्त. चालवताना मला त्रास होत नाही, शेजारी बसणाऱ्यांना होतो. ते सुटं मिळतं, बदलीन.

माझं सध्याचं सेटिंग विचारणारे बरेच आहेत, तर कोरड्या डांबरावर पुढे पूर्ण कडकपासून पाच क्लिक मागे, मागे दोन, पुढे किंचित टो-आउट. टो-आउट घ्या. क्लिक घेऊ नका, तुमच्या सेटमधले पाच आणि माझे पाच एक असतील याची काहीच खात्री नाही. आणि ते दोन पाने खोक्यातच राहू द्या.