अस्वलापासून शिधा वाचवणारा डबा: मोसमभर पाठीवर वागवल्यावर

साडेअकरा लिटरचा, जाड पारदर्शक प्लास्टिकचा हा डबा मे महिन्यात घेतला आणि ऑक्टोबरपर्यंत अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या बाउंडरी वॉटर्स या तळ्यांच्या राखीव जंगलात वापरला. दुकानदार म्हणाला, तिकडे सगळे हाच नेतात. नेत असतील, पण कनूतून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीतून! त्यांचं ओझं तळ्यावर होडी वाहते, दोन तळ्यांमधल्या वाटेपुरतंच ते खांद्यावर येतं. आम्ही चालणारे. फर्नबर्ग रोडपासून गनफ्लिंट ट्रेल या रस्त्यापर्यंत केकेकाबिकची पायवाट साधारण ६६ किलोमीटर, आणि डबा रिकामाच किलोच्या वर.

तरीही नेतो, कारण नियमाप्रमाणे शिधा एकतर अशा प्रमाणित डब्यात हवा, नाहीतर झाडाला उंच टांगलेला. दोरी हलकी खरी, पण तिला फांदी लागते. ४ जुलै १९९९ च्या वादळाने इथलं जंगल आडवं केलं, २००७ मध्ये हॅम लेकच्या वणव्यात गनफ्लिंटकडचा भाग जळाला. त्या टापूत बरीचशी झाडं अजून कोवळी, फांद्या बारीक. दिवसभर पडलेली खोडं ओलांडून आल्यावर अंधारात फांदी शोधत हिंडायचं त्राण कोणात असतं?

झाकण हा याचा कच्चा दुवा. उन्हाळ्यात ठीक, पण सप्टेंबरच्या थंड सकाळी प्लास्टिक ताठरतं आणि खटका बोटांनी दबत नाही. जुनं एटीएम कार्ड आत सरकवलं की उघडतं. पाऊस झाकणाच्या फटीतून थोडा आत झिरपतो, म्हणून भाजणी आणि मेतकूट वेगळ्या पिशव्यांत बांधा. वास अडवायचं काम डबा करतच नाही. आमच्या मसाल्यांचा घमघमाट अस्वलाला येणारच, फक्त डबा उघडता येऊ नये एवढीच अपेक्षा. तंबूपासून लांब ठेवा, पण उतारावर किंवा पाण्याच्या काठाशी नको. गोल आहे, ढकलला की गेला तळ्यात.

सॅकमध्ये तो उभाच, पाठीलगत मधोमध बसवावा. आडवा घातला तर कणा सोलून निघतो. काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे बाउंडरी वॉटर्समध्ये चालत नाहीत, त्यामुळे लोणचंही पिशवीतच. एकट्याचा पाच दिवसांचा शिधा मावतो. दोघांचा तीन दिवसांचा, तोही चिवडा चुरून दाबला तर. संध्याकाळी बसायला स्टूल म्हणून उत्तम.

एकदाच जाणार असाल तर विकत घेऊ नका. जवळच्या इली गावात असे डबे भाड्याने मिळतात.