लॉन्सेस्टनहून वायनरी: जोसेफ क्रोमी की जान्झ?

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर एकच दुपार हाताशी असेल, तर मी जोसेफ क्रोमी ही वायनरी निवडेन. ती रेल्बियाला आहे, लॉन्सेस्टन शहरापासून गाडीने साधारण १५ मिनिटांवर. वाइन चाखून झाली की तिथल्याच रेस्टॉरंटमध्ये तळ्याकडे बघत निवांत जेवण. १९५० मध्ये चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या संस्थापक जोसेफ क्रोमींनी आधी मांसाच्या धंद्यात जम बसवला, द्राक्षमळे नंतरचे. थंड हवेत द्राक्षं सावकाश पिकतात, आंबटपणा टिकतो. इथल्या पिनो न्वार या रेड वाइनमध्ये तो स्वच्छ जाणवतो.

जान्झ पायपर्स रिव्हरला, बास सामुद्रधुनीच्या गार वाऱ्यात. तिथे सगळा जीव स्पार्कलिंगमध्ये, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनमध्ये. बुडबुडे आणणारं दुसरं किण्वन (आंबवणं) बाटलीतच होतं. बुडबुड्यांची आवड असेल तर जरूर जा, पण जेवणाऐवजी चीजच्या ताटावर भागवायची तयारी ठेवा. गाडी चालवणाऱ्याने दोन्हीकडे चव घेऊन वाइन थुंकूनच टाकावी.